आधी गौरीला विचारा

किस्से मी कधी गोळा केले नाहीत. ते आपले आपण येऊन घरात बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. जिथं मूठभर न बोलणारी पोरं आणि त्यांच्याभोवती गावभर बोलकी माणसं असतात, तिथं किश्श्यांना तोटा कसला? पोरं बिचारी एकेका चित्रावर बोट ठेवून मोजकं बोलतात. माणसं तोंड आहे म्हणून बोलतात. शहाणपण कुठल्या बाजूला जास्त, ते मी इतकी वर्षं बघतेय.

मी शिकलेली सातवीपर्यंत. कराडजवळच्या मलकापूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी वर्ग चालवते. ज्यांना तोंडानं बोलता येत नाही ती पोरं तिथं चित्रांच्या तक्त्यावर बोलायला शिकतात. कुणी बोट ठेवतं, कुणी मूठ, कुणी नुसती नजर. शिकलेली माणसं याला ‘एएसी’ म्हणतात. मी तक्ता म्हणते. हे सगळं मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात डिक्शनरी. तपासायला येणारे साहेब विचारतात, “आजी, तुमचं क्वालिफिकेशन काय?”

मी सांगते, “नात.”

नात म्हणजे गौरी. चौदा वर्षांची. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तेव्हापासून हात, पाय आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. डोकं ऐकतं, जरा जास्तच ऐकतं. डाव्या हाताची मूठ ती तक्त्यावर नेते आणि ज्या चित्रावर मूठ थांबेल तो तिचा शब्द. वेळ लागतो. ज्याला वेळ नाही त्यानं तिच्याशी बोलू नये.

सध्या आमच्या घरात एकच विषय चाललाय. गौरीला पुण्याच्या निवासी शाळेत ठेवायचं, की इथंच राहू द्यायचं? माझा मुलगा विक्रम मिलिटरीत आहे. तो फोनवरून म्हणतो, पाठवू या. सून सुनंदा म्हणते, बघू या. मी म्हणते, मी मेल्यावर पाठवा! नणंदेनं मत दिलं, जावेनं दिलं, दूध घालायला येतो त्यानंसुद्धा दिलं. गौरीला कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, हे किस्से एकदा लिहूनच काढावेत. म्हणजे मी का ओरडते ते लोकांना कळेल.

* * *

गौरी पाच वर्षांची असताना तिला सांगलीला एका मोठ्या डॉक्टरकडं नेलं होतं. सकाळी नंबर लावला, दुपारी आत गेलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “हिला काही कळत नाही. आशा ठेवू नका.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायकोचा असावा. डॉक्टर खुर्चीत रेलून, पाय लांब करून म्हणाले, “अगं, निघालोय मी! रस्त्यातच आहे! ट्रॅफिक आहे ना!”

गौरी खदखदून हसली. मांडीवरून खाली पडायची वेळ आली, इतकी हसली.

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “बघा, हेच म्हणत होतो. विनाकारण हसते.”

* * *

तासगावजवळच्या एका गावातून ओंकार यायचा. नऊ वर्षांचं पोरगं, द्राक्षबागायतदाराच्या घरातलं. मी तक्ता करून दिला, त्याच्या आईला समजावून सांगितलं. पुढच्या वेळी बघते तर पोरगं मोकळ्या हातानं आलं.

“तक्ता कुठाय?”

“माळ्यावर ठेवलाय, आक्का. सासूबाई म्हणत्यात, चित्रं दिली की पोरगं आळशी हुतंय. मग तोंड उघडायचंच न्हाई.”

“आणि आत्ता उघडतंय?”

“उपाय चाललाय की. पोपटाचा उष्टा पेरू.”

आपल्याकडं हे आहेच. पोपटानं टोचलेलं फळ खाल्लं की मुकं पोर बोलतं म्हणतात. त्या गावात सगळे लोक पोपटांना बागेतून हाकलायला माणूस ठेवतात. या घरात पोपटांनी टोचलेले पेरू गोळा करायला माणूस ठेवला होता! पेरू बघितला की पोरगं मान फिरवायचं, स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायचं. मग दोघी धरायच्या आणि तिसरी भरवायची. “लय हट्टी हाय,” आई मला कौतुकानं सांगायची.

मी त्या दिवशी तिला परत पाठवलं. म्हटलं, तक्ता माळ्यावरून खाली आला तरच तू माझ्या दारात ये. रडत गेली. पण तक्ता घेऊन आली.

ओंकारला मी समोर बसवलं. महिनाभर नुसतं ‘हे काय, ते काय’ चाललं होतं. एक दिवस तो आपणहून तक्त्यावर वाकला. बराच वेळ शोधत होता. आई म्हणाली, “चॉकलेट शोधत असंल.”

त्यानं ‘दात’वर बोट ठेवलं. मग ‘दुखतं’वर. मग परत ‘दात’, परत ‘दुखतं’. थांबेचना.

दाताच्या डॉक्टरनं दाढ काढली तेव्हा म्हणाला, आतून सगळी सडलीय, लई दिवस दुखत असणार, पोरानं कधी सांगितलं कसं नाही?

* * *

दाढ निघाली आणि ओंकार असा बोलायला लागला की विचारू नका. पंधरा दिवसांनी त्याचा बाप स्वतः आला. उंचापुरा माणूस, पांढरे कपडे, खिशाला पेन. तक्ता माझ्यापुढं ठेवला. एका कोपऱ्यात कात्रीनं चौकोन कापलेला.

“हे काय केलंत?”

“आवं आक्का, लय डोक्यावर बसलाय! आंगुळीला न्हाई, पावण्यांच्या पाया पड म्हटलं न्हाई, भात वाढला न्हाई! म्हून तेवढं ‘नाही’चं चित्र काढून टाकलं.”

मी त्या कापलेल्या चौकोनातून बोट घालून बघितलं. 

माझा चेहरा बघून बिचारा समजूत घालायला लागला, “आवं, बाकी समदं ठेवलंय की! ‘हो’ हाय, ‘पाहिजे’ हाय, ‘थँक्यू’ हाय!”

मी त्याच्यासमोर नवा तक्ता केला. त्यात ‘नाही’ चारी कोपऱ्यांत लावलं.

“आक्का, तुमी पोरगं बिघडवताय.”

“बिघडू दे. पोरांनी बिघडायचंच असतं. तुमचं थोरलं काय कमी बिघडलंय?”

पुढच्या आठवड्यापासून ओंकार यायचा बंद झाला. त्याची आई मध्ये बाजारात भेटली. म्हणाली, “आता एकदम शाना झालाय, आक्का. काय सुदिक म्हणत न्हाई.”

* * *

एकदा टॅबलेटवाटपाचा कार्यक्रम झाला. कोण पाहुणे, कुठली संस्था, ते लिहीत नाही. सगळे सारखेच असतात. मोठा मांडव घातला होता. बटण दाबलं की शब्द ऐकू येतो, असले टॅबलेट आमच्या पोरांना मिळणार होते. सुनंदानं आदल्या आठवड्यात संस्थेच्या ऑफिसात जाऊन गौरीच्या टॅबलेटमध्ये तिचे शब्द भरून घेतले होते. स्वतःच्या आवाजात भरले होते. मला म्हणाली, “आई, माझी लेक बोलली असती तर माझ्यासारखीच बोलली असती की.”

पोरांना स्टेजवर ओळीनं बसवलं. एकेकाच्या मांडीवर टॅबलेट. ऊन तोंडावर. पाहुणे ‘मुक्यांना वाचा’ या विषयावर बोलायला उभे राहिले ते उभेच. मागच्या दोन पोरांनी चड्डी ओली केली तरी वाचा चालूच.

गौरीची मूठ टॅबलेटवर गेली. माईक जवळच होता. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं: “पुरे.”

पाहुणे थांबले.

“पुरे. घरी.”

 मी मनात म्हटलं, बरं झालं! तर पाहुण्यांचे डोळे भरून आले. “बघा! बघा मित्रांनो, बोलली! हे लेकरू आज पहिल्यांदा बोललं! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्यांचा कडकडाट. आणि पाहुण्यांनी भाषण पहिल्यापासून सुरू केलं.

फोटो झाल्यावर टॅबलेट परत गोळा केले. ऑफिसच्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं. मी विचारलं तर तिथला साहेब म्हणाला, “पोरांच्या हातात दिले तर खराब होतील ना, आजी.”

मी त्याला म्हटलं, “मग तुमची जीभ पण ठेवा त्यात. रोज वापरून झिजत असेल.”

त्या कपाटासाठी मी किती खेपा घातल्या ते सांगत बसत नाही. शेवटी उघडलं तेव्हा सगळ्या बॅटऱ्या फुगलेल्या. सुनंदानं गौरीचा टॅबलेट हातात घेतला, बटण दाबलं, परत दाबलं. मग साहेबाला नीट विचारलं, “यातला आवाज काढून मिळंल का हो?”

साहेब म्हणाला, “कशाचा आवाज?”

* * *

गावातल्या शाळेनं गौरीला घेतलं, म्हणजे मी घ्यायला लावलं. हेडसर माणूस वाईट नाही. फक्त त्यांना एक कागद दाखवला की दुसरा कागद आठवतो. सहामाहीला तोंडी परीक्षा आली. मी तक्ता घेऊन गेले. म्हटलं, ही तक्त्यावर उत्तरं देईल.

“आक्का, तोंडी परीक्षा आहे. नावातच तोंड आहे. तक्त्यावर घेतली तर वरून मला विचारतील.”

“मग लेखी समजा.”

“लेखी हातानं लिहायची असते.”

“मग पोरीनं करायचं काय?”

हेडसरांनी खरोखर विचार केला. म्हणाले, “उपस्थित राहू द्या. उपस्थितीला आपण काही अडवत नाही.”

गौरी तीन विषयांच्या तोंडीला उपस्थित राहिली. तिन्हीत शून्य. प्रगतिपुस्तकावर शेवटी शेरा लिहितात ना, तो वाचून सुनंदा हसावं की रडावं म्हणून माझ्याकडं बघायला लागली. लिहिलं होतं: “वर्गात शांत बसते. इतरांनी आदर्श घ्यावा.”

* * *

सगळंच कडू सांगतेय असं वाटेल, म्हणून एक एसटीतला किस्सा सांगते. कराडहून सांगलीला निघालो होतो. तक्त्यावर सगळी गावं कुठून बसवणार? म्हणून आम्ही खुणा ठरवल्यात. कंदी पेढा म्हणजे सातारा, द्राक्षं म्हणजे तासगाव, हळकुंड म्हणजे सांगली.

कंडक्टर आला. मी पिशवीत पाकीट शोधत होते, खाली वाकलेली. त्याला काय ठाऊक, तो गौरीला म्हणाला, “कुटं जायचं, बाळ?”

गौरीची मूठ निघाली. कंडक्टर दांड्याला धरून उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, “वो मास्तर, तिकीट!” त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. मूठ हळकुंडावर थांबली.

“हळद. सांगली व्हय?”

गौरीनं मान हलवली. त्यानं तिकीट फाडून तिच्याच मांडीवर ठेवलं आणि पुढं गेला.

शेजारच्या सीटवर एक गृहस्थ होते, शर्ट इस्त्रीचा, हातात पेपर. ते माझ्याकडं वाकून हळहळत म्हणाले, “अरेरे. मुकी आहे का हो पोरगी?”

कंडक्टरनं पुढून ऐकलं. “आवं, आत्ता बोलली की! तुमी भैरे हाय का काय?”

अख्खी गाडी हसली. मला तर त्या पोराला ओवाळावंसं वाटलं. पण एक सांगते, इतक्या वर्षांत असा एकच भेटला. म्हणूनच तर त्याचा किस्सा झाला.

* * *

हे पुण्याचं निघाल्यापासून आमच्याकडं पाहुण्यांची ये-जा वाढलीय. धाकटी नणंद शिरवळहून आली. गौरी समोर बसलेली, आणि ही माझ्याशी बोलतेय, “वयिनी, आता पोरगी वयात आली. तुमी म्हाताऱ्या झाला. उद्या काय झालं तर सुनंदानं एकटीनं काय काय बघायचं? शाळा बरी दिसते. देऊन टाका.”

“देऊन टाका म्हणजे? म्हैस आहे का ती?”

“मी भल्याचं सांगते. तिला काय, हितं काय आन् तितं काय.”

मग नणंदेला वाटलं, आपण पोरीशीही दोन शब्द बोलावेत. गौरीपुढं वाकली आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून ओरडली, “गौ-री! पुण्-याला! जा-णार! का!”

मला वाटलं, चला, ओरडून का होईना, विचारलं तरी! पण उत्तर ऐकायला ती थांबली कुठं? मूठ अर्ध्या वाटेत होती तोवर ही माझ्याकडं वळून म्हणाली, “बगा. कायच बोलत न्हाई. म्हंजे तिची हरकत न्हाई.”

* * *

हे एवढं लिहून झालं आणि विक्रम सुट्टीवर आला. शाळेचा फॉर्म घेऊनच आला होता. जेवणं झाली, मी पदर खोचून बसले. म्हटलं, आज काय ते होऊन जाऊ दे.

“आई, तिथं स्पीचवाली मॅडम आहे, व्यायामाची सोय आहे, तिच्या वयाच्या पोरी आहेत.”

“आणि आजी आहे का तिथं?”

“तू कायमची पुरणार आहेस का?”

“तू कधी पुरलास? वर्षातून दोनदा येतोस आणि फॉर्म आणतोस!”

सुनंदा भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, लागलं पोराला. पण मी थांबणारी नव्हे. म्हटलं, “जगातला प्रत्येक माणूस या पोरीबद्दल बोलला. तिला एकानं विचारलं नाही. तू बाप आहेस ना? विचार तिला. आत्ता विचार, माझ्यासमोर!”

विक्रमनं फॉर्म उचलला. मग उठून तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. म्हणाला, “गौरी, पुण्याच्या शाळेत जायचं का तुला? तू म्हणशील तसं.”

त्याला तक्त्याची सवय नाही. बारीक बारीक चित्रं, त्यात काही आमची आम्ही ठरवलेली. म्हणून मी शेजारी बसले. गौरी मूठ ठेवणार आणि मी मोठ्यानं वाचून दाखवणार, असं ठरलं.

मूठ निघाली. ‘शाळा.’

“शाळा,” मी वाचलं. “म्हणजे तिला इथलीच शाळा बरी वाटते. मैत्रिणी आहेत तिला इथं.”

गौरीनं तक्त्यावर मूठ आपटली. परत ‘शाळा’. मग ‘मी’.

“मी शाळा. म्हणजे बघ, ती म्हणतेय, माझी शाळा. इथली. मी सांगितलं होतं तुला.”

मूठ परत आपटली. या वेळी जोरात. मग सावकाश वरच्या कोपऱ्याकडं निघाली. तिथं माझा फोटो लावलाय.

“आजी,” मी वाचलं. “बघ. आजी म्हणतेय.”

मूठ खाली उतरायला लागली. विक्रम बघत होता. मी बघत होते. सुनंदा ओल्या हातानं दारात येऊन उभी होती.

“बाहेर,” मी वाचलं.

विक्रम म्हणाला, “आजी बाहेर. म्हणजे आजीबरोबर बाहेर फिरायला जायचंय का?”

“हां, तसंच असेल,” मी म्हटलं. “संध्याकाळी आम्ही जातो कॅनॉलपर्यंत.”

गौरीनं माझ्याकडं बघितलं. पुन्हा मूठ उचलली. घाम आला होता पोरीला. ‘आजी.’ ‘बाहेर.’ मग ‘दार’. मग ‘बंद’.

हे मात्र मी वाचलं नाही. विक्रमनंच वाचलं. एकेक शब्द, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं.

सुनंदा आत जाऊन परत भांडी घासायला लागली. जोरजोरात.

मी उठले. ओट्यावर येऊन बसले. मागं विक्रमनं दार लावलं. कडीचा आवाज आला. रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागून एक, त्यामुळं आतलं काही ऐकू येत नव्हतं. मधूनच विक्रमचा आवाज, “हे? का हे? थांब, परत दाखव.”  मग तो हसला. मग तीही हसली, तसली खदखदून.

उन्हं ओट्यावरून उतरली तेव्हा दार उघडलं. विक्रमचे डोळे लाल झाले होते. फॉर्म हातात नव्हता.

मी म्हटलं, “काय म्हणाली?”

तो चप्पल घालत म्हणाला, “आई, तुला सांगायचं नाही म्हणालीय.”